दांडीची सायकल

बारामती, २७ ऑक्टोबर २०२५

श्री. दादासो तात्याबा कोकरे, निवृत्त मुख्याध्यापक, इंदापूर, यांस,

भाऊबीजेला मी तुम्हांला ओवाळलं तेव्हा तुम्ही ताटात साडी ठेवलीत आणि साडीवर तुमचा गौरव अंक. पासष्टी झाली म्हणून तुमच्या विद्यार्थ्यांनी काढलेला. चकचकीत कागद, वर शाल पांघरलेले तुम्ही, आणि आत पहिल्याच पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवलेली. ओवाळणी म्हणून मी दोन्ही हसून घेतलं. काल चष्मा लावून वाचायला बसले. पान एकतीस, लेखाचं नाव 'सायकलवरचे दिवस'. लिहिणारे तुम्ही.

"वडिलांनी कोकरे विकून घेतलेल्या सायकलवरून मी रोज चौदा किलोमीटर अंतर तोडत असे. धाकटी बहीण नकोशी हिलाही वडिलांनी हायस्कुलात घातले होते. परंतु तिला शिक्षणाची गोडी नव्हती. ती दांडी मारायची. अखेर तिची शाळा सुटली."

मी ते तीनदा वाचलं. मग सुनेला म्हटलं, माझा चष्मा तरी बरोबर आहे का बघ. माधवीनं मोठ्यानं वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, "आई, तुमी शाळा बुडवत हुता व्हय? आन आमाला रोज सांगता, पोरांना शाळंत धाडा." म्हणजे आता माझ्याच घरात मी दांडीबहाद्दर. बासष्टाव्या वर्षी.

मी 'तुम्ही' लिहितेय, कारण 'दादा' हा शब्द आज हातातून उतरत नाही. पण हे 'तुम्ही' लिहितानासुद्धा दातओठ खावे लागतायत. जाऊ दे. तूच बरा.

तर ऐक. फोन मी करणार नाही, तुझा नंबर ब्लॉक केलाय. फोनवर तू मध्येच बोलतोस. आयुष्यभर पोरांना गप्प बसवलंस, तीच सवय. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

दहावी नाही म्हणून मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस राहिले. सेविका व्हायला दहावी लागायची. ज्या पोरीचं नाक मी पदरानं पुसलं ती दहावी होऊन सेविका म्हणून आली आणि मला म्हणाली, "मावशी, खिचडी करपू देऊ नका." मी करपू दिली नाही. एकदाही नाही. हे तुझ्या अंकात कुठल्या पानावर आहे ते कळव.

उद्या मी सायकल घ्यायला जाणार आहे. साधीसुधी नाही, दांडीची. आपल्या वस्तीपासून हायस्कुलापर्यंतचे सात किलोमीटर मला एकदा माझ्या स्वतःच्या पायांनी जायचेत, मध्ये कुणी उतरवल्याशिवाय. तुला कळायचं ते कळलं असेल.

नकोशी


बारामती, ३१ ऑक्टोबर

दादासो,

पत्र मिळाल्याबरोबर तू युवराजला फोन केलास. मला उत्तर लिहायला तुला वेळ नव्हता, पण माझ्या लेकाला हे सांगायला होता: "तुज्या आयला समजाव. ह्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर जुळत न्हाय." युवराज मला म्हणाला, "मामा काळजीनं बोलत्यात." मी त्याला म्हटलं, मामाला काळजी एकोणपन्नास वर्षं उशिरा सुचली.

दुकान भिगवण रस्त्याला आहे. मालक अजित, चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडानं गोड. "काकू, नातवाला पायजे का?" म्हटलं, मला. त्यानं लगेच गुलाबी रंगाची काढली. पुढे टोपली, टोपलीला फुलं. "ही घ्या, दांडी न्हाय, साडीवर बी चालती. देवाला जाया बरी." मी म्हटलं, मला देवाला नाही जायचं, कालव्याच्या भरावावरून जायचंय. मुरुमातून, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमधून. आणि मला दांडीच पाहिजे. "पर काकू, दांडीवरनं पाय कसा टाकणार?" मी विचारलं, तुम्ही कसा टाकता? त्यानं गुलाबी परत जागेवर नेली.

मग म्हणाला, तुम्हांला एमटीबी लागेल. डोंगराची सायकल. बारामतीत डोंगर कुठला, पण वस्तीचा रस्ता तुला माहीत आहे. गेली पन्नास वर्षं प्रत्येक निवडणुकीला तो डांबरी होणार असतो.

युवराज सोबत होता. त्याला ती जाड्या चाकांची आवडली. चाकं कसली, ट्रॅक्टरची धाकटी भावंडं. "आई, ही घे, काटं लागायचं न्हाईत." मी ती उचलून पाहिली. पुढचं चाक वर आलं, मागचं जमिनीला चिकटून राहिलं. मी सांगितलं, जी मला उचलता येत नाही ती मी घेणार नाही. ओढ्याला पाणी असलं तर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हे मला कुणी शिकवलं, सांगू?

तिसरी उंच होती. पाय टेकेनात. अजितनं सीट पार खाली दाबली आणि म्हणाला, झालं की. मी बसले तर गुडघे छातीला लागले. मी त्याला म्हटलं, सीट खाली केली म्हणून सायकल लहान होत नाही. अंगणवाडीत मी तीन वर्षांच्या पोरांना खुर्च्या वाटल्यात, माप मला कळतं. तेव्हा कुठं तो सरळ बोलायला लागला. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं, आणि दांडी नि आपल्यामध्ये चार बोटं जागा राहिली पाहिजे, म्हणजे घाईत उतरताना लागत नाही. हे पहिल्यांदाच सांगायला काय झालं होतं? काकूला काय कळतंय, म्हणून सांगितलं नाही.

चौथी बसली. पंधरा इंची सांगाडा, दांडी पुढून मागे उतरती, चाकं साडेसत्तावीसची, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, गिअर एकवीस. रंग काळा. मला लाल हवी होती, पण त्या मापात लाल नव्हती. माधवीचा पंजाबी ड्रेस घालून गेले होते. चार बोटं बरोबर राहिली, मी मोजली.

बिल करताना अजितनं विचारलं, "नाव?" मी म्हटलं, नकोशी. त्यानं पेन खाली ठेवलं. "आता नको? आवो काकू, दोन तास झालं की." युवराज हसून हसून बेजार. मीही हसले. तिसरी मुलगी झाली म्हणून तुम्ही लोकांनी ठेवलेलं नाव, त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

नकोशी


बारामती, १४ नोव्हेंबर

दादासो,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मला लिहायला अडत नाही.

मला सायकल येत नव्हती. आयुष्यात मी सायकलवर बसले ती फक्त दांडीवर, टॉवेलची घडी टाकून, तुझ्या दोन हातांच्या मध्ये. तेव्हा अजितच्या सांगण्यावरून पहिले चार दिवस पायडल काढून ठेवली आणि पायांनी जमीन ढकलत मैदानाला चकरा मारल्या. पोरं म्हणाली, "आज्जीच्या सायकलीला पायडल द्यायचं इसरलं वाटतं." पाचव्या दिवशी पायडल लावली. सहाव्या दिवशी नुसता पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून पुढे गेले. ढोपर फुटलं, हाड शाबूत आहे. तुझ्या माहितीसाठी.

आता कालव्याच्या भरावावरून जाते. सकाळी ऊस ओला असतो, बाभळीचे काटे वाटेत असतात. दोन पंक्चर झाली. दुसरं मी स्वतः काढलं. पुढे लहान चकती आणि मागे मोठी म्हणजे चढ, हे एव्हाना पायांना पाठ झालंय.

काल चढावर मांड्या भरून आल्या आणि मला तू आठवलास. एकच गिअर, लोखंडी सायकल, समोरून वारा, आणि दांडीवर तेरा वर्षांची बहीण. सोळा वर्षांचा होतास तू. तुझ्याही मांड्या अशाच भरून येत असणार. हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. कळल्यावर राग थोडा उतरायला हवा होता. मी वाट बघितली. नाही उतरला.

कारण मला ओढाही आठवला. तुझ्या लेखात ओढा नाही, म्हणून मी लिहिते. गणपतीपर्यंत तू मला शाळेच्या दारापर्यंत नेत होतास. मग तुझ्या वर्गातली पोरं म्हणायला लागली, "दाद्या, नवरी आणली का रं?" दुसऱ्या दिवशी ओढ्यापाशी तू सायकल थांबवलीस. "उतर. हितनं चालत ये." शाळा तिथून दोन किलोमीटर. मी पळत यायचे, तरी घंटा होऊन गेलेली असायची, आणि उशिरा येणाऱ्याची गैरहजेरी लागायची. काही दिवस मी वर्गाबाहेर उभी राहिले. मग उभं राहायची लाज वाटायला लागली आणि मी शाळेमागच्या पिंपळाखाली बसून राहायला लागले. वर्गातलं पाठांतर खिडकीतून ऐकू यायचं. तेवढं मी पाठ करायचे.

आणि संध्याकाळी तू ओढ्यापाशी थांबायचास. मला पुन्हा दांडीवर बसवायचास. तात्यांना लांबून दिसावं म्हणून. दादा, उतरवलंस त्याचं एक वेळ मी समजून घेईन. हे परत बसवणं मला समजत नाही.

तेवीस गैरहजेऱ्या झाल्या आणि गुरुजींची चिठ्ठी आली. दिवाळीची सुट्टी होती. तात्या मेंढरांच्या वाड्यापाशी होते, त्यांनी तुला हाक मारली. मी आत भाकरी थापत होते. तू काय बोललास ते मला नीट ऐकू आलं नाही. एकच शब्द आला: दांडी. मग तात्यांचा आवाज आला, "मंग बास झालं. न्हाय मन लागत तर मेंढरामागं जाऊ दे."

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. तू त्या दिवशी नेमकं काय म्हणालास, ते मला लिहून पाठव.

नकोशी


बारामती, २४ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून सुंदर आहे तुझं. मजकुराचं मात्र तसं म्हणवत नाही.

तू लिहितोस: "मी तात्यांना एवढेच म्हणालो की, 'नकूची दांडी आता मला जमत न्हाय.' म्हणजे तुला दांडीवर बसवून नेणे मला जमत नाही. तात्यांना वाटले, तू शाळेला दांडी मारतेस. त्यांचा गैरसमज झाला. माझा हेतू तसा नव्हता."

हे मी ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा वाचलं. माधवीनं चहा आणला, तो निवला.

तात्या कधी शाळेत गेले नाहीत. सगळा जन्म मेंढरांमागे. शाळेतला हा शब्द त्यांना तूच घरी आणून शिकवला होतास. अमका दांडी मारतो, तमका दांडी मारतो. हातात गैरहजेरीची चिठ्ठी आणि तुझ्या तोंडून तो शब्द. त्यांचा गैरसमज झाला, मान्य. मेलेल्या माणसाला मी बोल लावत नाही. पण तुझा तर गैरसमज झाला नव्हता ना? तुला दोन्ही दांड्या ठाऊक होत्या. "तात्या, तसं न्हाय," एवढे तीन शब्द लागत होते. तू तिथंच उभा होतास. तात्या म्हणाले मेंढरामागं जाऊ दे, आणि तू गप्प बसलास. सुट्टी संपल्यावर तुझी सायकल हलकी झाली.

तुझा हेतू नव्हता, हे मी खरं धरून चालते. मग पान एकतीसवर काय आहे? तिथं कुणाचा गैरसमज झाला? तात्या तर छापखान्यात नव्हते. तुझ्या सोयीची जी गोष्ट होती ती तू इतकी वर्षं सांगत आलास की शेवटी तुझाच तिच्यावर विश्वास बसला, आणि मग ती छापून तू माझ्या ओवाळणीच्या ताटात ठेवलीस.

माफी मला नको. माफी तू बसल्या जागी मागशील, तुझं भाषण चांगलं आहे. मला शुद्धिपत्र पाहिजे. तुझ्या अंकात ते आहेच. मी नीट वाचलं: "पान चारवरील 'सत्कारमुर्ती' हा शब्द 'सत्कारमूर्ती' असा वाचावा." एका उकारासाठी तू तीनशे अंकांत चिठ्ठ्या चिकटवल्यास. उकार ऱ्हस्व राहिला तर तुला झोप येत नाही. माझी अख्खी शाळा चुकीची छापलीय.

नकोशी


बारामती, ५ डिसेंबर

दादा,

तुझा मसुदा मिळाला. "'ती दांडी मारायची' याऐवजी 'काही घरगुती अडचणींमुळे' असे वाचावे."

ही घरगुती अडचण सोळा वर्षांची होती, तिला मिसरूड फुटत होतं आणि ती रोज सकाळी केसांना पाणी लावून भांग पाडत होती. तिचं नाव लिही.

मसुदा सोबत परत पाठवतेय. लाल पेनानं दुरुस्त केलाय, तू पोरांच्या वह्या करायचास तसा. "याऐवजी 'मी तिला दांडीवरून उतरवले' असे वाचावे." एवढंच. तात्यांचं नाव नको, ओढ्याचं नको, मला रडगाणं नकोय. 'मी' मात्र पाहिजे. कर्ता लागतो, हे तू आठवीला शिकवायचास असं ऐकलंय. मी त्या धड्यापर्यंत पोचले नाही.

वहिनींचा माधवीला फोन आला होता. शकुवहिनी म्हणाल्या, "निम्मं अंक अजून माळ्यावर हायेत. ह्यांनी परवा दोनदा शिडी लावली आन दोनदा काढली." शिडी पुन्हा लाव. वाटून झालेल्यांना चिठ्ठ्या पोस्टानं पाठव, पत्ते तुझ्याकडे आहेत. डिंकाची बाटली नसेल तर मी आणून देते. सायकल आहे मला.

लोकांना काय वाटेल, असं तू शेवटी लिहिलंयस. दादा, माझ्याबद्दल लोकांना काय वाटेल हे छापताना तुला वाटलं नाही.

आता अठरा किलोमीटर एका दमात होतात.

नकोशी


बारामती, १९ डिसेंबर

दादा,

काल पोस्टानं अंक आला. मी पान एकतीस उघडलं नाही. चिठ्ठी कशी असेल ते ठाऊक असल्यासारखं मी तो कपाटावर ठेवला, भरावावरून एक फेरी मारून आले, मग उघडला.

मला वाटलं होतं छापून घेशील. तू हातानं लिहिलीयस. वहिनी सांगत होत्या की तू तीनशेही हातानंच लिहितोयस, रोज सकाळी बसतोस, छापखान्यात द्या म्हटलं तर ऐकत नाहीस. अक्षर तुझंच, पण या चिठ्ठीवर ते थोडं कललंय.

"पान ३१. 'ती दांडी मारायची' याऐवजी 'मी तिला दांडीवरून उतरवले' असे वाचावे. तसेच, 'तिला शिक्षणाची गोडी नव्हती' याऐवजी 'ती माझ्याहून हुशार होती' असे वाचावे."

माधवीनं मोठ्यानं वाचलं. या वेळी घरात कुणी हसलं नाही. युवराज उठून बाहेर गेला आणि सायकलच्या चेनला तेल घालत बसला. परवाच घातलं होतं.

पहिली दुरुस्ती मी मागितली होती. दुसरी मी मागितली नव्हती. दिवसभर मी तिच्याभोवती फिरतेय. मला बरं वाटायला हवं होतं. सगळे म्हणतायत, आता सोड राग. पण दादा, पहिल्या दुरुस्तीनं जो राग थोडा खाली बसत होता तो दुसरीनं पुन्हा उठवला. तू मूर्ख होतास, लाजाळू होतास, पोरांच्या चिडवण्याला भ्यालास, असं मी आजवर धरून चालले होते. मूर्ख भावाला बहीण कधी ना कधी माफ करते. पण मी हुशार आहे हे तुला ठाऊक होतं? पिंपळाखाली बसून मी जे पाठ करायचे ते संध्याकाळी दांडीवर तुला म्हणून दाखवायचे, आणि तू म्हणायचास, "बास कर, दम लागतोय मला." दम पायडलमुळे लागत होता, असं मला वाटायचं.

हे तुला आत्ता चिठ्ठी लिहिताना कळलं, की तेव्हाच कळलं होतं? एवढंच मला विचारायचंय, आणि हे पत्रात विचारून भागणार नाही. तुझं तोंड बघायचंय.

परवा रविवारी युवराज मला आणि सायकलला टेम्पोतून वस्तीवर सोडणार आहे. तिथून मी एकटी निघेन. ओढ्यावर आता पूल झालाय म्हणतात, नसला तरी सायकल खांद्यावर घ्यायला हलकी आहे. ओढ्यापाशी मी थांबणार नाही. हायस्कुलाच्या दारात एक पाय टेकीन, आणि मग इंदापूरचा रस्ता धरीन. तिथून आणखी चौदा किलोमीटर. साडेदहाला तुझ्या दारात. वहिनींना सांग, जेवायला थांबेन की नाही ते तुझ्या उत्तरावर आहे. सायकल मी घरात घेणार, बाहेर ठेवणार नाही.

उत्तर तयार ठेव. तू आयुष्यभर पेपर काढलेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. हा प्रश्न 'कारणे द्या' असा नाही. 'एका वाक्यात उत्तर द्या' असा आहे.

नकोशी तात्याबा कोकरे
इयत्ता आठवी